जुनी फ्लाइंग बोट लिलावात निघते, तेव्हा बोली नेमकी कशावर लागते?

सत्तर-ऐंशी वर्षांची एखादी दुर्मीळ फ्लाइंग बोट लिलावात निघाली की बातमीत दोन गोष्टी हमखास असतात: एक देखणा फोटो आणि एक भलामोठा आकडा. वाचणाऱ्याच्या मनात मात्र प्रश्न उरतात. जे विमान आज प्रवासी नेत नाही, माल वाहत नाही, ज्याचे सुटे भाग मिळायची मारामार, त्याच्यासाठी कोणी इतके पैसे का मोजावेत? आणि दुसऱ्याच एखाद्या लिलावात तसंच विमान अंदाजापेक्षा कितीतरी कमी भावात का जातं, किंवा विकलंच न जाता परत का फिरतं?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं पाण्यापाशी येऊन थांबतात. पाण्यामुळे ही विमानं जन्माला आली आणि पाण्यानेच त्यांतली बहुतेक खाल्ली. आज त्यांची किंमत ठरते, तीही पाण्याने त्यांचं किती शिल्लक ठेवलंय यावरून.

## आधी हे विमान कोणतं ते पाहू

पाण्यावर उतरणाऱ्या सगळ्याच विमानांना आपण सरसकट सीप्लेन म्हणतो, पण त्यांत दोन वेगळी घराणी आहेत. एकात नेहमीच्या विमानाला चाकांऐवजी दोन लांबट फ्लोट बसवलेले असतात. विमानाचं पोट पाण्याला लागत नाही. दुसऱ्यात विमानाचं पोटच नावेच्या बांधणीचं असतं आणि ते थेट पाण्यात बसतं. ही फ्लाइंग बोट. तिच्या या पोटाला हल म्हणतात. पंखांच्या टोकांकडे बहुधा छोटे फ्लोट दिसतात, ते फक्त तोल सांभाळायला. काही फ्लाइंग बोटींना आत ओढून घेता येणारी चाकंही असतात, म्हणजे त्या पाण्यावरही उतरतात आणि जमिनीवरही. त्यांना ॲम्फिबियन म्हणतात. हा फरक लक्षात ठेवा, कारण कोण टिकलं आणि कोण संपलं याचा निकाल पुढे बऱ्याच अंशी या चाकांनीच लावला.

हलची सगळ्यात हुशार जागा तिच्या तळाला असते. साधारण मध्यावर तळ एकदम वर उचललेला दिसतो, पायरी काढल्यासारखा. त्याला स्टेप असंच म्हणतात. पाणी गुळगुळीत तळाला चिकटून राहतं आणि विमानाला सोडत नाही. एकावर एक ठेवलेल्या दोन ओल्या काचा सरळ वर ओढून सुटत नाहीत, पण कडेने जरा हवा शिरली की लगेच सुटतात, तसंच इथे होतं. वेग वाढला की पाणी त्या पायरीच्या कडेला तुटतं, मागच्या भागाखाली हवा शिरते, आणि विमान पाण्यात रुतून राहण्याऐवजी पाण्यावरून घसरायला लागतं. तिथून पुढे ते उडू शकतं. इंजिनं इतकी उंचावर का बसवलेली असतात, हेही आता कळेल: उडणारे तुषार पंख्यांवर आले तर त्यांची पाती झिजतात.

अशा विमानाच्या वैमानिकाला अर्धं खलाशी व्हावं लागतं. नांगर टाकणं, बोयाला बांधणं, वाऱ्याने विमान वाहत जात असताना धक्क्याला लावणं, तळाशी साचलेलं पाणी उपसणं, हे सगळं त्याच्याच कामात येतं. कोणालाही वाटेल की संथ, आरशासारखं पाणी उतरायला सगळ्यात सोपं. खरं तर तेच धोक्याचं. पृष्ठभागावर एकही लाट नसेल तर पाणी किती खाली आहे हे डोळ्यांना समजतच नाही. उडतानाही सपाट पाणी तळाला जास्त धरून ठेवतं. म्हणून पूर्वी कधी कधी समोरून मोटरबोट फिरवून मुद्दाम पाणी ढवळून घेत.

## पाण्यावर उतरायची गरजच काय होती?

कारण लांब, पक्क्या धावपट्ट्या नव्हत्या. १९२० आणि १९३० च्या दशकांत जड विमान उडवायला लागणारी लांबच लांब जागा फार थोड्या शहरांकडे होती. बंदर मात्र पुष्कळ मोठ्या शहरांना होतंच, आणि समुद्राची धावपट्टी फुकट होती, शिवाय हवी तेवढी लांब. महासागर ओलांडताना इंजिन बंद पडलं तर खाली उतरता येईल, हा दिलासाही होता.

ठरलेल्या वेळापत्रकानुसार चालणारी जगातली पहिली प्रवासी विमानसेवा फ्लाइंग बोटीनेच सुरू झाली. १ जानेवारी १९१४ रोजी फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्ग ते टॅम्पा या खाडीवर टोनी जॅनस या वैमानिकाने छोटी बेनोइस्ट बोट उडवली. प्रवासाला लागली २३ मिनिटं. नेहमीचं भाडं ५ डॉलर ठेवलं होतं, पण पहिल्या फेरीतल्या एकुलत्या एका जागेचा लिलाव झाला आणि शहराचे माजी महापौर अब्राम फाइल यांनी ती ४०० डॉलरला घेतली. या विमानांसाठी माणसं वेड्यासारखी बोली लावतात ही गोष्ट काही आजची नाही!

पुढे २२ नोव्हेंबर १९३५ ला पॅन अमेरिकन या अमेरिकी विमान कंपनीची चायना क्लिपर ही फ्लाइंग बोट सॅन फ्रान्सिस्कोहून टपाल घेऊन निघाली आणि बेटाबेटांवर थांबत मनिलाला पोहोचली. ब्रिटनच्या इम्पीरियल एअरवेजच्या एम्पायर बोटी इंग्लंडहून पूर्वेकडे येताना कराचीनंतर राजसमंदच्या तलावावर, ग्वाल्हेरच्या जलाशयावर, अलाहाबादला यमुनेवर आणि कोलकात्याला हुगळीवर उतरत. १९३९ मध्ये बोइंग ३१४ ने अटलांटिकवरून प्रवासी न्यायला सुरुवात केली.

## मग त्या गेल्या कुठे?

दुसऱ्या महायुद्धाने जगभर धावपट्ट्या बांधून ठेवल्या. त्याच काळात डीसी-४, कॉन्स्टेलेशन यांसारखी लांब पल्ल्याची, चाकांवर उतरणारी विमानं तयार झाली. ती जास्त वेगाने जात आणि चालवायलाही स्वस्त पडत. फ्लाइंग बोटींचा धंदा काही वर्षांत बसला. ब्रिटनच्या बीओएसी या विमान कंपनीने १९५० मध्ये त्या बंदच केल्या.

यानंतरचे आकडे वाचले की मला खरोखर हळहळ वाटते. बोइंग ३१४ एकूण १२ बांधल्या, आज एकही नाही. एम्पायर बोटी ४२, शिल्लक शून्य. चायना क्लिपर ज्या जातीची, त्या मार्टिन एम-१३० फक्त ३ होत्या. तिन्ही अपघातांत गेल्या. सिकोर्स्कीच्या व्हीएस-४४ सुद्धा ३, त्यांतली एक्सकॅम्बियन तेवढी अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड एअर म्युझियममध्ये उभी आहे.

काही तर धडधाकट असताना संपवल्या. १९४३ ते १९४५ या काळात ऑस्ट्रेलियाची क्वांटास कंपनी पर्थहून श्रीलंकेतल्या कोग्गलापर्यंत कॅटालिना बोटी उडवत होती. न थांबता २७ तासांहून अधिक काळ हवेत, प्रवाशांना एकाच उड्डाणात दोनदा सूर्योदय दिसायचा. त्या ५ कॅटालिना अमेरिकेने लेंड-लीज करारावर, म्हणजे मित्रदेशांना युद्धापुरत्या उसन्या, दिलेल्या होत्या. युद्ध संपल्यावर करारातल्या अटींनुसार त्या समुद्रात नेऊन बुडवण्यात आल्या.

तरीही कॅटालिना ही जात टिकली. एक कारण संख्या, कारण त्या तीन हजारांहून जास्त बांधल्या होत्या. दुसरं कारण चाकं. कॅटालिनाच्या ॲम्फिबियन आवृत्त्या आणि ग्रुमन कंपनीच्या गूस, विजन, मॅलार्ड ही विमानं काम संपलं की पाण्याबाहेर येऊन कोरड्या हँगरमध्ये उभी राहू शकत होती. वणवे विझवायला, बेटांवर माणसं पोहोचवायला ती पुढे कितीतरी वर्षं वापरली गेली. बिनचाकांच्या मोठ्या बोटींना पाण्यातून बाहेर काढायचं म्हणजे दरवेळी खास चाकगाडा आणि उतरता धक्का लागायचा. मालकाचा पैसा संपला की त्या पाण्यातच राहायच्या, आणि पाण्यात राहणं म्हणजे हळूहळू मरणं.

## लिलावाची भाषा

लिलावाच्या पुस्तिकेत एक अंदाजित किंमत छापलेली असते. तिच्यामागे सहसा न छापलेली एक राखीव किंमत असते, म्हणजे विकणाऱ्याने ठरवलेला तळ. बोली तिथपर्यंत चढली नाही तर विमान विकलं जात नाही. हातोडा पडतो त्या आकड्यावर लिलाव कंपनी खरेदीदाराकडून आणखी काही टक्के घेते, त्याला बायर्स प्रीमियम म्हणतात. बातम्यांत कधी हा धरून आकडा दिलेला असतो, कधी न धरता. त्यामुळे दोन विक्रींची तुलना करताना जपून.

सगळ्यात महत्त्वाची अट मात्र बँकांच्या लिलावाच्या जाहिरातींत आपण नेहमी वाचतो तीच: ‘जसे आहे, जिथे आहे’. विमानाच्या अवस्थेची हमी नाही, आणि न्यायची जबाबदारी तुमची.

अंदाजित किमतीवर मी फारसा विसंबत नाही. मोटारींच्या लिलावात एकाच मॉडेलच्या बऱ्याच गाड्या दरवर्षी विकल्या जातात, त्यामुळे भाव ठरलेला असतो. फ्लाइंग बोटीच्या बाबतीत मागची विक्री कित्येक वर्षांपूर्वीची असू शकते. जगात ती सांभाळू शकणारे लोक मोजके. त्यांतले दोघं त्या दिवशी हट्टाला पेटले तर आकडा आभाळाला भिडतो. एकच आला तर राखीव किमतीपाशी संपतो. भाव कमी आला म्हणजे विमान वाईट, असं नसतं.

## विमानाबरोबर कागद का विकले जातात?

खरं सांगायचं तर कागदांबरोबर विमान विकलं जातं, असं म्हटलं तरी चालेल. प्रत्येक विमानावर कारखान्याचा अनुक्रमांक कोरलेली एक छोटी धातूची पाटी असते, तिला डेटा प्लेट म्हणतात. शिवाय विमानाची, प्रत्येक इंजिनाची आणि प्रत्येक प्रोपेलरची स्वतंत्र लॉगबुकं. किती तास उडालं, कधी कुठला पत्रा बदलला, कुठे अपघात झाला, मीठपाण्यात किती वर्षं होतं, हे सगळं त्यांत. लॉगबुकांत दहा वर्षांचा खंड पडला असेल तर त्या काळात काय झालं हे शोधायला सांगाडा उघडावा लागतो आणि तो खर्च खरेदीदार आधीच बोलीतून वजा करतो.

मालकीचा प्रश्नही साधा नाही. समुद्रतळाशी सापडलेलं विमान ज्याने काढलं त्याचं, असा समज आहे. पण अमेरिकी लष्कराचं बुडालेलं विमान कितीही वर्षं उलटली तरी सरकारचीच मालमत्ता राहतं. २००४ च्या सन्कन मिलिटरी क्राफ्ट कायद्याने हे पक्कं केलं आहे. त्यामुळे मालकीची साखळी पहिल्या धन्यापासून आजपर्यंत जुळते का, हे जाणकार सगळ्यात आधी बघतात.

इतिहासालाही भाव असतो. मे १९४१ मध्ये जर्मन युद्धनौका बिस्मार्क हरवली असताना ती पुन्हा शोधून काढली ती एका कॅटालिनानेच. अशी कामगिरी लॉगबुकात नोंदलेली असेल तर त्याच जातीच्या, तितक्याच जुन्या दुसऱ्या विमानापेक्षा बोली वर जाते. पण नुसती ऐकीव कथा असेल, नोंद नसेल, तर जाणता खरेदीदार तिच्यासाठी एक पैसाही जास्त देत नाही.

## पोटात टॉर्च घेऊन

बोली लावण्याआधी खरेदीदाराचा माणूस चकाकत्या रंगाकडे बघतही नाही. तो केबिनमधल्या जमिनीच्या फळ्या उचलतो आणि टॉर्च घेऊन हलच्या तळाशी वाकतो. तिथे पाणी साचतं, तिथेच रोग लपतो.

ॲल्युमिनियमला लोखंडासारखा तांबूस गंज येत नाही, राखाडी-पांढरट भुकटी धरते. रंगाखाली बारीक फुगवटे आलेत का, रिव्हेटची डोकी ओळीतून किंचित वर उचलली गेलीत का, दोन पत्रे एकमेकांवर येतात त्या सांध्यात फुगार आहे का, हे तो बोटांनी चाचपून बघतो. पोलादी बोल्ट जिथे ॲल्युमिनियममध्ये बसलाय ती जागा विशेष धोक्याची. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे विद्युतघटच झाला. त्यात ॲल्युमिनियम झिजतं, बोल्ट शाबूत राहतो. सर्वांत वाईट प्रकारात धातू आतून पापुद्र्यांसारखा सुटत जातो आणि वरून पत्रा बराच काळ ठणठणीत दिसतो. म्हणून अशी विमानं सांभाळणारे खाऱ्या पाण्यातल्या प्रत्येक उड्डाणानंतर ती गोड्या पाण्याने धुतात.

हे दुर्लक्षिलं तर काय होतं, याचं उदाहरण १९ डिसेंबर २००५ चं आहे. मायामी बीचजवळ चॉक्स ओशन एअरवेजच्या १९४७ मध्ये बांधलेल्या ग्रुमन मॅलार्डचा उजवा पंख उड्डाणानंतर लगेच तुटला आणि विमानातले सगळे २० जण गेले. पंखाच्या आत धातू थकून पडलेल्या भेगा वेळेवर ओळखून नीट दुरुस्त झाल्या नव्हत्या, असं तपासात निघालं. तेव्हापासून पंखाच्या मुख्य तुळईची, म्हणजे स्पारची, तपासणी कधी आणि कशी झाली याची नोंद हा कुठल्याही जुन्या ॲम्फिबियनच्या विक्रीत मला तरी सर्वांत मोलाचा कागद वाटतो.

इंजिनंही भाव ठरवतात. कॅटालिनात प्रॅट अँड व्हिटनीचं आर-१८३० बसतं, तेच डीसी-३ या प्रवासी विमानातही होतं. ते लाखाहून जास्त संख्येने बनलं, त्यामुळे सुटे भाग आणि ते जाणणारे मेकॅनिक अजून सापडतात. ज्या बोटीचं इंजिन दुर्मीळ, तिच्याबरोबर सुट्या भागांच्या किती पेट्या मिळतात, हे विमानाइतकंच महत्त्वाचं. कित्येकदा पुस्तिकेच्या शेवटच्या पानावरची सुट्या भागांची यादीच व्यवहार ठरवते.

## नवीच बांधली तर?

नव्या फ्लाइंग बोटी आजही बनतात. जपानची शिनमायवा यूएस-२, रशियाची बेरिएव्ह बीई-२००. वणवे विझवणारी कॅनडाची सीएल-४१५ ही २०१५ पर्यंत बनत होती. पण त्या वेगळ्या कामाची, वेगळ्या काळाची यंत्रं आहेत. जुनी बोट हुबेहूब नव्याने बांधायची तर साचे, जिग (जोडताना भाग जागच्या जागी धरणारे सांगाडे) आणि पूर्ण आराखडे लागतात, आणि ते बहुतेक कारखान्यांनी केव्हाच मोडीत काढले. शिवाय पत्रा वाकवायची हातोटी कागदावर नसते. एक्सकॅम्बियनच्या जीर्णोद्धाराला १९८७ पासून सुमारे दहा वर्षं लागली. सिकोर्स्कीच्या कारखान्यात पूर्वी काम केलेली निवृत्त माणसं त्यासाठी स्वतःहून हजर झाली म्हणून तो पार पडला. आज ती पिढी राहिलेली नाही.

## संग्रहालयांनीच घ्याव्यात ना?

ही तक्रार मला मनापासून पटते, पण जागेचा हिशेब बघा. शॉर्ट सन्डरलँड या ब्रिटिश फ्लाइंग बोटीच्या पंखांचा विस्तार सुमारे ३४ मीटर, मार्टिन मार्स या अमेरिकी बोटीचा ६१. १९४७ मध्ये एकदाच उडालेली अमेरिकी उद्योगपती हॉवर्ड ह्यूजची लाकडी फ्लाइंग बोट एच-४ तर ९७ मीटरहून रुंद. तिच्यासाठी ऑरेगनमध्ये प्रचंड इमारत उभारावी लागली. छप्पर नसेल तर फुकट मिळालेली फ्लाइंग बोटही संग्रहालयाला झेपत नाही, आणि उघड्यावर ठेवणं म्हणजे तिला सावकाश भंगारात घालणं.

म्हणून लिलावात श्रीमंत माणूस जिंकला की मी नाराज होत नाही. १९९३ मध्ये फ्लोरिडातल्या फँटसी ऑफ फ्लाइट संग्रहाचे मालक कर्मिट वीक्स यांनी ब्रिटनमधली एक सन्डरलँड विकत घेतली आणि अटलांटिकवरून उडवत अमेरिकेला नेली. खासगी पैसा नसता तर ती कुठे असती, सांगता येत नाही. माझी अपेक्षा एवढीच की जिंकणाऱ्याकडे कोरडा हँगर असावा.

## घेतल्यावर पाण्यात उतरवावी का?

यावर जाणकारांत कडाक्याचे वाद आहेत. एक पक्ष म्हणतो, न उडणारं विमान म्हणजे नुसता सांगाडा. दुसरा म्हणतो, प्रत्येक उड्डाणागणिक मूळ धातू बदलावा लागतो आणि शेवटी डेटा प्लेटच तेवढी जुनी उरते.

माझं मत सरळ आहे. ज्या जातीची पुष्कळ विमानं शिल्लक आहेत ती उडवावीत, पाण्यावरही उतरवावीत, पण गोड्या पाण्यावर. पायरीवर पाणी तुटून विमान घसरायला लागतं तो क्षण काचेआडून समजत नाही, आणि हे वैमानिकी कौशल्य वापरात राहिलं नाही तर तेही मरेल. पण जातीतलं शेवटचंच विमान असेल तर त्याला खाऱ्या पाण्याचा थेंबही लावू नये. त्याचा मूळ पत्रा, मूळ रिव्हेट हाच त्या कारखान्याचा उरलेला एकमेव दस्तऐवज असतो.

## ‘जिथे आहे’ तिथून न्यायची कशी?

बिनचाकांच्या बोटीचा खरा खर्च इथे कळतो. मार्टिन मार्स या जातीच्या दोन बोटी कॅनडात कित्येक दशकं वणवे विझवत होत्या; एका खेपेला सुमारे २७ हजार लिटर पाणी. ऑगस्ट २०२४ मध्ये हवाई मार्स ब्रिटिश कोलंबियातल्या विमान संग्रहालयासाठी व्हिक्टोरियाजवळच्या खाडीत उतरली. संग्रहालय तिथून जवळच असल्याने तिचं निभावलं. फिलिपीन मार्सचं ठिकाण होतं ॲरिझोनाच्या वाळवंटातलं पिमा संग्रहालय. तिथे उतरायला पाणी नाही, आणि धावपट्टीवर उतरायला हिला चाकं नाहीत. म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये ती त्याच राज्यातल्या लेक प्लेझंटवर उतरवली. उरलेला प्रवास रस्त्याचा असल्यामुळे तिचे भाग सुटे करावे लागले.

सुटं करणं, वाहतूक, पुन्हा जोडणी, ती करणारी माणसं, विमा आणि उडवायचीच असेल तर अशा विमानाचा परवाना असलेला वैमानिक, यांतलं काहीही बातमीतल्या आकड्यात धरलेलं नसतं. पुढच्या वेळी अशा विक्रीची बातमी वाचाल तेव्हा किमतीखालच्या ओळीही वाचा: विमान आत्ता कुठे उभं आहे, खाऱ्या पाण्यात किती वर्षं होतं, स्पार शेवटचा कधी तपासला, आणि ते जातंय तिथे छप्पर आहे का.